'अडचण' एवढं कारण पुरेसं असायला हवं

ताई,

आमच्या विद्यापीठात कामगारांची एकच युनियन आहे. तासिकेवर शिकवणारे, संशोधन सहायक, प्रयोगशाळेतले, ग्रंथालयातले, कार्यालयातले, सगळे तिच्यातच. दोन वर्षांपासून मी खजिनदार आहे. मी स्वतः तासिकेवर शिकवते.

येत्या सर्वसाधारण सभेपुढे दोन ठराव आहेत. पहिला असा, की सभासदांना आपापले गट करता यावेत, ज्यांना इथं सगळे कॉकस म्हणतात. स्त्रियांचा, अपंग सभासदांचा, परदेशातून आलेल्यांचा आणि आम्हा तासिकेवाल्यांचा, असे चार गट ठरले आहेत. वर्गणीच्या शंभरातले पाच या गटांना मिळावेत आणि ते चौघांत समान वाटावेत असं त्यात म्हटलंय. दुसरा ठराव एकजूट निधीचा. अडचणीतल्या सभासदाला मदत करायची आणि दुसऱ्या युनियनच्या संपालाही हातभार लावायचा.

दोन्ही ठरावांचा मसुदा मीच लिहिलाय, तो सोबत जोडलाय, आणि आता त्याचीच भीती वाटतेय. प्रयोगशाळेतले एक जुने सहकारी माझ्याशी बोलेनासे झालेत. गेल्या संपात आम्ही दोघं रोज पहाटे गेटवर एकत्र उभे असायचो. परवा जिन्यात भेटले तेव्हा एवढंच म्हणाले, "युनियन एक होती, तू तिचे तुकडे करतेयस."

आणखी एक गोष्ट. गेल्या महिन्यात एका संशोधन सहायक मुलीचा मदतीचा अर्ज आला. व्हिसाचं काम अडकल्यामुळे तिचं तीन महिन्यांचं विद्यावेतन थांबलं होतं. आमच्याकडे अजून निधी नाही, म्हणून तो अर्ज कार्यकारिणीच्या बैठकीत नावासकट वाचला गेला. कुणीतरी म्हणालं, "फोन तर नवा दिसतो तिच्याकडे." ती बाहेर बाकावर बसली होती आणि दार उघडं होतं. दुसऱ्या दिवशी तिनं अर्ज मागं घेतला.

मी काय करू? गट केल्यानं खरंच फूट पडते का? निधी करायचा तर कसा करायचा? आणि माझ्या सहकाऱ्यांना काय सांगू?

एक खजिनदार

*

प्रिय खजिनदार,

ठराव, घटना, टक्केवारी हे सगळं पुढं येईलच. पण तुमचं पत्र दोनदा वाचलं आणि दोन्ही वेळा मी त्या उघड्या दारापाशीच थांबले. म्हणून सुरुवात तिथून करते.

मी अकरा वर्षं एका विद्यापीठातल्या शिक्षकेतर कर्मचाऱ्यांच्या युनियनची खजिनदार होते. आमच्याकडे साहाय्य निधी होता आणि त्याचा छापील अर्जही होता. अर्जात 'मदतीचे कारण' असा रकाना होता आणि त्यापुढे चार ठिपकेदार ओळी. एकदा रात्रपाळीचा एक पहारेकरी अर्ज घेऊन आला. कागदाची घडी इतकी घट्ट घातली होती, की उलगडताना तो घडीवर थोडा फाटला. कारणाच्या चार ओळींत त्यानं एकच शब्द लिहिला होता, 'अडचण'. मी त्याला म्हटलं, "जरा सविस्तर लिहून आणा, समितीला कळायला हवं ना." तो "बरं" म्हणाला, कागद पुन्हा तसाच घडी करून खिशात ठेवला आणि गेला. परत आलाच नाही. वर्षभरानं काम सोडून गेल्याचं कानावर आलं. त्याची अडचण काय होती, हे मला आजही माहीत नाही. नियमाला धरूनच वागले होते मी. पण नियमच असा होता, की मदत हवी असेल तर माणसानं आधी स्वतःला उघडं करावं. त्या निधीत दर महिन्याला त्याचीही वर्गणी जमा होत होती.

तुमच्या कार्यकारिणीनं वाईट हेतूनं काही केलं असेल असं मला वाटत नाही. पैसे सगळ्यांचे आहेत, तेव्हा सगळ्यांसमोर विचार व्हावा, अशी त्यांची समजूत असणार. हिशेब सगळ्यांसमोर मांडायचा, हे बरोबरच आहे. माणूस मात्र सगळ्यांसमोर मांडायचा नसतो. निधीची सगळी रचना या एका फरकावर उभी करा.

ती कशी करायची ते आधी सांगते. फूट वगैरे नंतर बघू, कारण निधी नीट असला तर अर्धी फूट तिथंच मिटते.

अर्ज तिघांच्या समितीकडे जावेत. हे तिघं सर्वसाधारण सभेनं निवडलेले असावेत, कार्यकारिणीतला कुणी त्यांत नसावा आणि दरवर्षी एक जण बदलावा. अर्जाला नाव नको, क्रमांक द्या. नाव तिघांपैकी एकाकडेच राहील. तुम्ही खजिनदार आहात, पैसे पाठवायला तुम्हाला नाव लागणारच. पण कारण कळायची गरज नाही. ज्याला नाव माहीत त्याला शक्यतो कारण माहीत नसावं, आणि कारण माहीत असेल त्याला नाव. सगळीकडे हे जमणार नाही. लहान युनियनमध्ये तर सगळे सगळ्यांना ओळखतात. तरीही प्रयत्न दिसू द्या. अर्ज करणाऱ्याला तो दिसतो.

एका ठरावीक रकमेपर्यंत पुरावा मागू नका. सभासदत्व चालू आहे आणि गेल्या बारा महिन्यांत मदत घेतलेली नाही, एवढं बघा आणि द्या. त्या रकमेच्या वर कागदपत्रं मागायला हरकत नाही. ती मर्यादा सभेत ठरवून घ्या. सभेत कुणीतरी नक्की उठून विचारेल, खोटं सांगून पैसे घेतले तर? घेईल एखादा. अकरा वर्षांत माझ्या माहितीत अशी दोन प्रकरणं झाली. त्यांत गेलेले पैसे मोजता आले. रकाना बघून अर्ज न करताच परत गेलेले किती, ते मात्र कधीच मोजता आलं नाही.

मदत द्या, कर्ज देऊ नका, असं माझं स्पष्ट मत आहे. कर्ज दिलं की वसुली आली. वसुली आली की खजिनदाराला बघून माणसं रस्ता बदलतात. ज्यांच्या बाजूनं उभं राहायचं तीच माणसं आपल्याला चुकवू लागली, तर युनियनचं फार नुकसान होतं. कुणाला नंतर जमलं तर तो आपणहून निधीत भर घालतो. असे पैसे आलेले मी पाहिलेत, कधी कधी नाव न लावता.

आणि उत्तर लवकर द्या. ज्याचं घरभाडं सोमवारी द्यायचंय त्याला पुढच्या महिन्याच्या बैठकीचा उपयोग नाही. तीन दिवसांत हो किंवा नाही कळेल, असं नियमातच लिहा. 'नाही' म्हटलं तर एकदा फेरविचार मागता यावा आणि तो वेगळ्या माणसांनी करावा. वर्षअखेरीस सभेपुढे फक्त आकडे ठेवा. अर्ज किती आले, किती मंजूर झाले, एकूण रक्कम किती, शिल्लक किती. ऑडिटरला सगळं बघायची मुभा असेल, सभेला नावं कधीच नाहीत.

आता गटांकडे येऊ.

मराठीत ही अडचण शब्दापासूनच सुरू होते. 'गट' म्हटलं की पाठोपाठ 'गटबाजी' येते, आणि मग 'फाटाफूट' फार लांब राहत नाही. म्हणून तुमच्या सहकाऱ्यांचं बोलणं उडवून लावू नका. युनियनी फुटलेल्या त्यांनी पाहिल्या असतील. मीही पाहिल्यात. पण फूट कशानं पडते, हे तपासून बघायला हवं. त्यासाठी तुम्हाला जवळपास शंभर वर्षं मागं नेते.

१९२८ च्या एप्रिलमध्ये मुंबईच्या कापड गिरण्यांमध्ये मोठा संप सुरू झाला. दीड लाखाच्या आसपास कामगार बाहेर होते आणि संप ऑक्टोबरपर्यंत चालला. सतरा मागण्या होत्या. त्या काळात साचेखात्यात, म्हणजे विणकामात, मजुरी जास्त मिळायची. पण तिथं अस्पृश्य मानलेल्या जातींच्या कामगारांना काम मिळत नसे. कारण साधं आणि भयंकर होतं. विणताना धोट्यातली, म्हणजे आडवा धागा इकडून तिकडे नेणाऱ्या साधनातली, सुताची कांडी संपली की नवी कांडी भरून, तिचं टोक धोट्याच्या भोकातून तोंडानं ओढून घ्यावं लागे. दुसऱ्याच्या तोंडाला लागलेला धोटा आपल्या तोंडाला लागणार, म्हणून सवर्ण कामगार त्यांना त्या खात्यात येऊ देत नव्हते. अडवणारे मालक नव्हते, शेजारी उभे असलेले कामगारच होते. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी संपाच्या पुढाऱ्यांना स्पष्ट सांगितलं, की सर्व खात्यांत काम करण्याचा अस्पृश्य कामगारांचा हक्क मागण्यांत आला पाहिजे. तो येणार नसेल तर या कामगारांनी संपात का यावं? पुढाऱ्यांनी ती मागणी घेतली, पण नाखुशीनं.

या प्रसंगाचा मी पुष्कळ विचार केलाय. फूट बाबासाहेबांनी पाडली का? फूट धोट्यातच होती. रोज, प्रत्येक पाळीला, प्रत्येक कांडी बदलताना. कुणी ती बोलून दाखवत नव्हतं, म्हणून वरून सगळं एक दिसत होतं. आणि बाहेरून एका खंबीर माणसानं ते बोलावं लागलं, कारण त्या कामगारांना स्वतः जमून, ठराव करून, मागणीपत्रापर्यंत पोचण्याची वाट युनियनच्या आत नव्हती. कॉकस म्हणजे ती वाट. तुमच्या ठरावाचा अर्थ मी असाच लावते.

आता तुमच्या युनियनचं बघा. तासिकेवाल्यांना सत्र संपलं की पगार नाही. परदेशातून आलेल्याची नोकरी गेली तर नोकरीबरोबर त्या देशात राहण्याचा हक्कही धोक्यात येतो, त्यामुळे तो तक्रार करायला दहा वेळा विचार करतो. अपंग सभासदाला सभेच्या खोलीत शिरता आलं नाही, तर त्याचं मत तिथंच संपलं. या गोष्टी सगळ्यांच्या सभेत शेवटच्या दहा मिनिटांत, 'इतर विषय' म्हणून येतात. माणसं पिशव्या आवरत असतात तेव्हा. ज्याच्यावर बेतलंय त्याला आधी आपल्यासारख्या चौघांत बसून बोलता आलं, की सभेत उभं राहायचं बळ येतं आणि काय मागायचं तेही नेमकं ठरतं. 'आमच्याकडे लक्ष द्या' या बोलण्यावर सभा माना डोलावते. 'मानधन सत्राच्या पहिल्या महिन्यापासून मिळावं' या वाक्यावर तिला मत द्यावं लागतं.

एवढे गट असले तर युनियन लढेल कशी, असं कुणी विचारलं तर ब्रिटनचं उदाहरण द्या. तिथल्या विद्यापीठ आणि महाविद्यालय कर्मचाऱ्यांच्या युनियनमध्ये स्त्रिया, कृष्णवर्णीय, अपंग, समलिंगी व पारलिंगी आणि स्थलांतरित सभासदांच्या स्वतंत्र समित्या आहेत. त्याच युनियननं २०२२ च्या नोव्हेंबरमध्ये १५० विद्यापीठांतल्या ७०,००० कर्मचाऱ्यांचा संप पुकारला होता.

उलट बाजूही सांगते, कारण ती खरी आहे. त्याच नोव्हेंबरात, १४ तारखेला, कॅलिफोर्निया विद्यापीठात ४८,००० कामगार संपावर गेले. त्यांचे चार विभाग होते: पोस्टडॉक (पीएच.डी.नंतर ठरावीक मुदतीसाठी घेतलेले संशोधक), इतर संशोधक, शिकवणारे विद्यार्थी आणि संशोधन करणारे विद्यार्थी. पहिल्या दोन विभागांचे करार आधी झाले आणि ते कामावर परतले. उरलेल्या दोघांचा संप २३ डिसेंबरपर्यंत लांबला. करार स्वीकारायचा की नाही, यावर त्यांच्यात कडाक्याचा वादही झाला. कुणाचा निर्णय बरोबर होता, ते इथं बसून मी सांगणार नाही. पण कामं वेगळी असली की हितं वेगळी असतात आणि ती संपाच्या पाचव्या आठवड्यात अचानक समोर आली तर फार महागात पडतं, हे त्यातून शिकण्यासारखं आहे. ती दोन वर्षं आधीपासून गटांच्या बैठकांत, मग सभेत, मग मागणीपत्रात येत राहिली पाहिजेत.

म्हणून ठरावात एक वाक्य घालाच. व्यवस्थापनाशी बोलणी फक्त युनियन करेल, कोणताही गट स्वतंत्रपणे करणार नाही. बोलणी करणाऱ्या समितीत मात्र प्रत्येक गटाचा माणूस असेल. हे वाक्य वाचलं की तुमच्या सहकाऱ्यांची निम्मी काळजी मिटेल असं मला वाटतं. गटाचा ठराव पुढच्या सभेच्या विषयपत्रिकेवर आपोआप यावा, वरच्या जागी यावा, कार्यकारिणीला तो अडवता येऊ नये. पण तो युनियनचा ठराव होईल सभेच्या मतदानानंतरच. गटात कोण, हे ज्याचं त्यानं सांगावं, दाखले मागू नयेत. आणि परदेशातून आलेल्यांच्या गटाची यादी तर कुठंही ठेवू नका. ती चुकीच्या हाती पडली तर त्याची किंमत युनियन भरत नाही, ती माणसं भरतात.

कॉकस शब्दाचा दुसराही एक अर्थ आहे आणि तुमच्या मसुद्यात दोन्ही एकात मिसळलेत. युनियनच्या निवडणुकीत पॅनेल उभं करणाऱ्या, नेतृत्व बदलू पाहणाऱ्या गटालाही कॉकसच म्हणतात. अमेरिकेतल्या ट्रकचालकांच्या युनियनमध्ये १९७६ पासून असा सुधारणावादी गट आहे. शिकागोच्या शाळाशिक्षकांनी २००८ मध्ये असाच गट काढला, २०१० मध्ये युनियनची निवडणूक जिंकली आणि २०१२ मध्ये संप केला. असे गट असावेत, ते युनियनला जागं ठेवतात. पण त्यांना वर्गणीतला एक पैसाही जाता कामा नये. अमेरिकेच्या १९५९ च्या कायद्यानं तर युनियनचा पैसा युनियनच्याच पदांच्या निवडणुकीत कुणा उमेदवारासाठी वापरायला सरळ मनाई केली आहे. तुमच्याकडे कायदा काहीही म्हणत असो, हा नियम घटनेत घ्या. ज्या गटाला वर्गणीतून पैसे मिळतात तो निवडणुकीत कुणालाही पाठिंबा देणार नाही. तासिकेवाल्यांच्या गटातली माणसं पॅनेल काढू शकतात, पण गटाच्या नावानं नाही आणि गटाच्या पैशानं नाही. इथं गफलत झाली तर तुमचे सहकारी खरे ठरतील.

शंभरातल्या पाचांबद्दल. रक्कम ठीक आहे, वाटणी ठीक नाही. चार गटांत समान वाटायचे असं तुम्ही लिहिलंय. उद्या पाचवा गट झाला की बाकीच्या चौघांचा वाटा कापला जाणार आणि नव्या गटाचं स्वागत कपाळावरच्या आठीनं होणार. त्यापेक्षा प्रत्येक गटाला चहापाणी, खोली, छपाई, दुभाषी यांपुरती लहानशी ठरावीक रक्कम द्या आणि उरलेली एकत्र ठेवून कामानुसार मागू द्या. खर्चाच्या पावत्या तुमच्याकडे येतील. पावती असली की खर्च मंजूर, एवढाच तुमचा अधिकार ठेवा. कशासाठी खर्च केला, ते पटलं नाही म्हणून अडवायचा अधिकार स्वतःकडे घेऊ नका. तुमच्यानंतर येणारा खजिनदार कोण असेल, कुणाला माहीत.

पैशाची दोरी कशी आवळली जाते, याचं एक उदाहरण माझ्या मनातून जात नाही. १९७६ मध्ये लंडनमधल्या ग्रनविक या फोटो धुण्याच्या कारखान्यात संप झाला. पुढं होत्या जयाबेन देसाई, आणि संपावर बहुतेक पूर्व आफ्रिकेतून आलेल्या भारतीय वंशाच्या स्त्रिया. त्यांच्यासाठी टपाल कामगारांनी कारखान्याची पत्रं उचलायचं नाकारलं. दुसऱ्या वर्षी खाणकामगार लांबून येऊन गेटवर उभे राहिले. एकजूट म्हणतात ती हीच. पण पुढं मोठ्या संघटनांचा पाठिंबा आटत गेला, म्हणून १९७७ च्या नोव्हेंबरात संपावरचे काही जण कामगार संघटनांच्या महासंघाच्या दाराशी उपोषणाला बसले, तेव्हा त्यांच्या स्वतःच्या युनियननं त्यांना निलंबित केलं आणि संपभत्ता थांबवला. मालकानं नाही, युनियननं. ज्यांच्या हाती पेटी होती त्यांना हे उपोषण आवडलं नव्हतं. तुमचा एकजूट निधी अशा कारणासाठी कधी थांबवता येणार नाही, हे शब्दांत लिहून ठेवा: युनियनच्या नेतृत्वावर टीका केली, कार्यकारिणीविरुद्ध मत दिलं, एवढ्यावरून कुणाची मदत नाकारली जाणार नाही.

आता दुसऱ्यांच्या संपाला द्यायच्या पैशाबद्दल. 'आपलंच पुरत नाही, दुसऱ्याला कुठून देणार' हे तुम्हाला ऐकावं लागेल. ते बोलणारा कंजूष असतो असं नाही, बहुधा त्याचं खरंच पुरत नसतं. म्हणून हा पैसा सभासदांच्या मदतीच्या पैशातून कधीही काढू नका. दोन खाती, दोन शिल्लक. आणि बाहेर जाणाऱ्या पैशाला वरची मर्यादा घाला. भारतातल्या १९२६ च्या कामगार संघटना कायद्यात अशी तरतूद होती. कामगारांच्या सर्वसाधारण हिताच्या कार्याला युनियननं द्यायच्या देणग्या वर्षाच्या कोणत्याही टप्प्यावर, वर्षारंभीची शिल्लक आणि तोवरचं उत्पन्न मिळून होणाऱ्या रकमेच्या चौथाईवर जाता कामा नयेत. राजकीय कामासाठी वेगळा निधी लागे, त्यात पैसे देणं ऐच्छिक असे आणि न देणाऱ्याचे सभासद म्हणून असलेले हक्क कमी करता येत नसत. विचार शहाणा होता. तुमची मर्यादा चौथाईहून पुष्कळ खाली असू द्या, पण असू द्या. लहान रक्कम कार्यकारिणी देईल, मोठी सभाच देईल.

आणि तरीही द्या, असंच मी म्हणेन. टोरोंटोच्या यॉर्क विद्यापीठात २०१८ मध्ये तासिकेवर शिकवणारे आणि शिकवणारे विद्यार्थी यांनी सुरू केलेला संप १४३ दिवस चालला, आणि अखेर सरकारनं कायदा करून तो संपवला. एकशे त्रेचाळीस दिवस कुठल्याही युनियनच्या एकट्या पेटीवर काढणं किती कठीण, ते तुम्हाला खजिनदार म्हणून सांगायला नको. तुमच्यावर ती वेळ येईल तेव्हा कोण येईल, हे आज तुम्ही कुणाकडे जाता त्यावर पुष्कळ अवलंबून आहे. हिशेब म्हणून मात्र देऊ नका. १९८४-८५ च्या ब्रिटनमधल्या खाण संपात लंडनच्या समलिंगी तरुण-तरुणींनी रस्त्यावर डबे हलवून पैसे गोळा केले आणि दक्षिण वेल्समधल्या खाणकामगारांच्या वस्त्यांना पाठवले. दोन्हीकडे एकमेकांबद्दल शंका होत्या. संप हरला. पण १९८५ च्या जूनमध्ये लंडनला समलिंगी हक्कांचा मोर्चा निघाला, तेव्हा वेल्सचे खाणकामगार आपला बॅनर घेऊन आले आणि सगळ्यात पुढं चालले. त्याच वर्षी मजूर पक्षाच्या अधिवेशनात समलिंगी हक्कांचा ठराव मंजूर झाला, त्यात खाणकामगार युनियनची मतं होती. असं होईल या आशेनं डब्यात कुणी नाणं टाकलं नव्हतं.

हे पैसे पाठवताना नुसती रक्कम पाठवू नका, दोन माणसं पाठवा. त्यांनी तिथल्या गेटवर एक सकाळ उभं राहावं आणि परत येऊन पाच मिनिटं सभेत सांगावं. आमच्याकडे 'देणग्या' असा एक रूक्ष ठराव दरवर्षी यायचा आणि लोक जांभया देत हात वर करायचे. एके वर्षी बांधकाम मजुरांच्या संपाला भेटून आलेली ग्रंथालयातली एक मुलगी बोलली, आणि ठरावातली रक्कम सभेनं उपसूचना देऊन दुप्पट केली.

तुमच्या सहकाऱ्यांविषयी आता. त्यांना ठराव समजावून सांगायला जाऊ नका, निदान पहिल्या भेटीत तरी. तुम्ही दोघं पहाटे गेटवर उभे राहिलात, त्यांच्या लेखी युनियन म्हणजे ती पहाट आहे. तिथं तुम्ही तासिकेवाल्या नव्हता, ते कायम नोकरीतले नव्हते, दोघंही नुसते संपावरचे होता. तुमचा मसुदा वाचून त्यांना वाटलं असेल, की तुम्ही ती पहाट परत केलीत. त्यांना विचारा, तो संप मिटला तेव्हा करारातून त्यांना काय मिळालं आणि तुम्हाला काय मिळालं. खरंच विचारा, कोपऱ्यात पकडायला नको. मला शंका आहे, की तासिकेवाल्यांसाठी त्या करारात फारसं काही नव्हतं आणि हे त्यांच्या कधी लक्षातही आलं नसेल, कारण तुम्ही कधी बोलला नाहीत. बोलायला जागा नव्हती. ती जागा मागताय, एवढंच त्यांना सांगा.

आणि बोलणी फक्त युनियन करेल या वाक्याचा शेवटचा मसुदा त्यांना लिहायला सांगा. इतकी वर्षं युनियनमध्ये असलेल्या माणसाला घटनेतली पळवाट दुरून दिसते. ते नाही म्हणाले, तर मतदानात त्यांच्या विरुद्ध जा आणि दुसऱ्या दिवशी जिन्यात नमस्कार करा. मत पडलं म्हणून माणूस सोडायचा नसतो.

सभेला अजून किती दिवस आहेत ते तुम्ही लिहिलं नाहीत. कितीही असोत, त्याआधी एक काम उरकायचंय आणि ते तुम्हीच करायचंय. त्या मुलीला भेटा. कार्यकारिणीच्या वतीनं नको, पत्र नको, एकट्या जा. जे झालं ते चुकीचं झालं आणि तुम्ही त्या खोलीत होता, हे सांगा. निधी होईपर्यंत थांबायला सांगू नका. ज्यांना शक्य आहे अशा चार-पाच जणांनी मिळून आत्ताच काही करता येईल का ते बघा, आणि तिला कुणाची नावं सांगू नका. नव्या समितीत यायला आवडेल का, हेही विचारा. आज नाही, थोड्या दिवसांनी. तो अर्ज कसा असावा, त्यात कोणता रकाना नसावा, हे तिच्याइतकं नेमकं तुमच्या कार्यकारिणीत कुणीच सांगू शकणार नाही.